राणी द्यायची नाही

३ एप्रिल
आज विकत आणलेल्या पाचही पेट्यांतल्या जुन्या राणीमाश्या चिरडल्या. चिमटीत धरायची, दाबायची, संपलं. हे पाठ फिरवून उभे! "जरा हळू गं," म्हणे. मरायचंच आहे तिला, हळू काय नि जोरात काय.
प्रत्येक पेटीत माझी नवी राणी जाळीच्या डबीत ठेवली, डबीच्या तोंडाला साखरेचा गोळा. तो खाऊन संपेतो माश्या तिच्या वासाला सरावतात. नाहीतर परकी म्हणून फाडून टाकतात.

५ एप्रिल
धाकटी जाऊ कुंपणाशी आली. तिच्या माश्यांना ते बारीक तांबडे गोचीड लागलेत. वाकडे पंख घेऊन जमिनीवर सरपटतात. "ताई, एक तरी राणी दे ना. तुझ्या जातीला गोचीड टिकत नाहीत म्हणतात."
नाहीच टिकत! पण फुकट नाही झालं ते. तीन वर्षं पेट्यांना औषध दाखवलं नाही. मेल्या त्या मरू दिल्या. एक पेटी उरली. तिच्या माश्या गोचिडाचे पाय कुरतडून त्याला खाली टाकतात. या राण्या तिच्याच लेकी. आणि तेव्हा हीच बाई सगळ्या नात्यागोत्यात मला कसाई म्हणत फिरली.
म्हटलं, "मग कसायाच्या दारात कशाला आलीस?"
रडली. रडू दे.

१० एप्रिल
पाचही राण्या आपल्या म्हणून घेतल्या माश्यांनी. अंडी दिसली!

१४ एप्रिल
जेवताना यांचं सुरू — "सख्ख्या भावाची बायको आहे ती. दे की एक."
मग तुमच्या ताटातलं द्या भावाला. माझी राणी नाही.
"अगं, तिच्या पेट्या मेल्या तर आपल्यालाच —"
पुरं बोलूच दिलं नाही. भाजी वाढली आणि उठले.

२० एप्रिल
धाकटीच्या दोन पेट्या मेल्या. वास इथवर येतो.

२६ एप्रिल
माझ्या माश्यांचा जोर बघावा! दिवसभर ये-जा, पोटं तट्ट. पोळ्यांच्या चौकटी उचलताना मनगट दुखतं. या दिवसांत एवढी फुलं कुठं असतात कोण जाणे. यांना म्हटलं, बघा, ही राणी देऊन टाक म्हणत होतात ना!

२ मे
वाटीभर माश्या बरणीत घेतल्या, पिठीसाखर टाकून हलवल्या, जाळीतून चाळल्या. पांढऱ्या साखरेत तांबडे ठिपकेच ठिपके, सगळे गोचीड. दुसरी पेटी. तेच. पाचही!
नव्या राण्यांची पोरं आत्ता कुठं पोळ्याच्या घरांतून बाहेर पडतायत. बाकी सगळ्या जुन्या राण्यांच्याच माश्या, त्यांना पाय कुरतडायचं येत नाही. आणखी महिनाभर निघाला असता तर सुटले असते.
हे बरणीत बघत म्हणाले, "धाकटीच्या मरत्या पेट्या लुटल्या आपल्या माश्यांनी. मधाबरोबर गोचीडही पाठीवर घेऊन आल्या. तेच सांगत होतो तुला."
पण तिच्या पेटीचं दार बोटभर. तिथून एवढ्या शिरल्या कशा?

३ मे
सकाळी कुंपणावरून पाहिलं. धाकटीच्या सगळ्या पेट्या उघड्या. झाकणं एकावर एक नीट रचलेली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड. ती पायरीवर बसून भाजी निवडत होती.
"काय ताई, पोटभर जेवल्या ना तुझ्या माश्या?"