आतून न उघडणारं दार

४ फेब्रुवारी
गेली एकदाची आमची काचा वाहायची गाडी दुरुस्तीला मिस्त्रीकडे! टोचन लावून न्यावी लागली. दुकानामागची तिची जागा आता मोकळी, खाली नुसता तेलाचा काळा डाग आणि कडेनं वाढलेलं गवत. हे गेल्यापासून जागची हलली नव्हती. आज चहा पिताना सारखं खिडकीतून तिकडेच लक्ष. नाही ते बघायची सवय लागलीय मला.

६ फेब्रुवारी
चिरंजिवांचा फोन. "आई, करतेच आहेस तर नीट कर. नवीन इंजिन टाक, पॉवर स्टिअरिंग, एसी..." म्हटलं, काही बदलायचं नाही. तुझ्या बाबांनी ठेवली तशीच हवी. तर म्हणतो, "आणि चालवणार कोण?"

फोन ठेवून दिला. त्याला यायला वेळ नाही, मला चालवता येत नाही, आणि ज्यांना येत होती ते भिंतीवर फोटोत.

९ फेब्रुवारी
मिस्त्रीशी जुंपली. माणूस वाईट नाही, पण नवीन टाकायला हात नुसते शिवशिवतात त्याचे! "काकू, जुनं काढा, नवीन टाका, मोकळ्या व्हा." सीटसुद्धा फोमची करू म्हणे. म्हटलं, तीच सीट पाहिजे. टोचणाऱ्या स्प्रिंगसकट. टोचते ती मला टोचते, तुमचं काय जातं?

ब्रेक मात्र नवीन घ्यायला कबूल झाले. आणि काचा. जन्मभर काचेचं दुकान चालवलं, जुन्या काचेची माया मला सांगू नये कुणी. पुढच्या दोन्ही काचा सपाट आहेत. नवीन आणून मीच कापून देणार.

१३ फेब्रुवारी
मिस्त्री विचारतो, "तुमच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. कुलूप नवीन बसवू?"

"हात लावाल तर खबरदार!" इतक्या जोरात ओरडले की बिचारा पान्हा हातात धरून बघतच राहिला.

त्याला काय सांगणार! ते दार कित्येक वर्षं आतून उघडतच नाही. काचही अर्धीच खाली जाते, हात बाहेरच्या मुठीपर्यंत पोचत नाही. मागे हौद्यात काचा घेऊन कुठेही गेलो की आधी हे उतरायचे, पुढून वळसा घालून यायचे. "थांब, आलो!" दर वेळी तेच. मी कटकट करायची — आरशांना मऊ फडकी आणता, बायकोच्या दाराला साधी दुरुस्ती नाही! "बघू, करू." केलं कधीच नाही. आळशी नंबर एक.

त्याआधी मस्त उघडायचं. राग आला की मी सिग्नललाच उतरून तरातरा चालू लागायची. एकदा आरशाचं माप कुणी चुकवलं यावरून पेटलं. माप ह्यांचंच चुकलं होतं, आजही सांगते! उतरले भर रस्त्यात, तर मागून आलेली स्कूटर कोपराला घासून गेली. नुसतं खरचटलं. पण हे घरी पोचेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

१६ फेब्रुवारी
दिवसभर कुणाशी बोलणं नाही. दूधवाल्याला "उद्या नको" म्हटलं, तेवढंच.

२० फेब्रुवारी
कापलेल्या काचा घेऊन गॅरेजवर गेले. मिस्त्री जेवायला गेला होता. माझ्या जागेवर चढून बसले, सवयीनं दार ओढून घेतलं. स्प्रिंग टोचली. बरं वाटलं.

मग उतरायचं म्हणून दाराकडे वळले — आणि वाट बघत बसले! सरकून पलीकडून उतरता आलं असतं. सुचलंच नाही. आता कुणी वळसा घालून येणार नाही, एवढं साधं डोक्यात शिरायला कितीतरी वेळ लागला. शिरलं तेव्हा रडू फुटलं. मोठ्यानं रडले, ऐकायला कोण होतं तिथे.

मिस्त्रीनं येऊन उघडलं. "एवढ्यासाठीच म्हणत होतो, काकू. बदलू या."

बदला म्हटलं. बदला सगळं.

२३ फेब्रुवारी
मिस्त्रीचा फोन, "आत्ताच्या आत्ता या." गेले तशीच. दाराच्या आतला पुठ्ठा काढून ठेवलेला.

"काकू, कुलूप ठणठणीत आहे. आतल्या मुठीची ही दांडी कुणीतरी मुद्दाम सोडवून वर बांधून ठेवलीय."

वाकून पाहिलं. दांडीला हिरवं फेल्टचं जाड कापड गुंडाळलेलं, वाजू नये म्हणून. पेटीत काचेच्या कोपऱ्यांना लावतो तेच, आमच्या दुकानातलं. त्यावर सुतळी. दोन वेढे, एक आडवा, टोक आत खोचलेलं. काचेच्या पेटीला अशी गाठ एकच माणूस मारायचा.

स्कूटर घासली, त्याच आठवड्यात मूठ "बिघडली" होती.

मिस्त्री म्हणाला, "तुम्हाला सगळं ओरिजिनल पाहिजे ना? मग सांगा. कंपनीनं दिलं ते ओरिजिनल धरायचं, की हे?"

थांबा म्हटलं. सुतळीला हात लावू नका.

२४ फेब्रुवारी
लबाड! लबाड माणूस! इतकी वर्षं मी आळशी म्हणत राहिले आणि हे निमूट ऐकत राहिले! एकदा तोंडानं म्हणायचं होतं — उतरू नकोस, जीव जातो माझा. नसते उतरले.

उतरले असते. माझा स्वभाव मला माहीत नाही का! पण म्हणायचं तरी.

आज कडाडून भांडायचंय मला आणि समोर माणूस नाही. फोटोशी काय भांडणार, तो हसतोच आहे.

२७ फेब्रुवारी
चिरंजिवांना सांगावं म्हणून फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करतो." केला नाही. राहिलं.

१ मार्च
मिस्त्रीला सांगून आले. गाठ आहे तशीच राहू दे, वरून पुठ्ठा लावून टाका.

"अहो, मग तुम्ही उतरणार कशा?"

म्हटलं, मी त्या बाजूला बसतेय कशाला? मला दुसऱ्या बाजूचं शिकवा.

आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "काच कापणारा हात आहे तुमचा," म्हणाला, "क्लच जमेल."

५ मार्च
कसलं जमतंय! सारखी बंद पडते. मिस्त्री देवाचं नाव घेतो, मी मिस्त्रीचा उद्धार करते. पण दिवस कसा गेला कळलं नाही.

२२ मार्च
गाडी घरी आली. मीच आणली! मिस्त्री शेजारी, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. तेलाच्या डागावर बरोब्बर उभी केली. तो गेल्यावर पुन्हा सामसूम. किल्ली उशाशी ठेवलीय.

१८ एप्रिल
लायसन्स!! मागे घेताना खांब थोडक्यात वाचला.

३ मे
चिरंजीव आले. न सांगता स्टेशनवर मीच घ्यायला गेले. मला स्टिअरिंगमागे बघून तोंडाचा आ वासला तो मिटेचना. बसला माझ्या जुन्या जागेवर. "आई, ही सीट तरी बदलायचीस!"

दुकानामागे गाडी लावली. हा मूठ ओढतोय, ढकलतोय. "अगं, हे दार आतून उघडत नाही!"

इंजिन बंद केलं. माझ्या बाजूनं उतरले.

"थांब," म्हटलं, "आले!"