करंगळीएवढं शेत

क्योतो
२१ सप्टेंबर २०२५

ती. आई,

अस्मिताचा नमस्कार. तन्वीनेही केला आहे, पण तिच्या शाळेतल्यासारखा, हात मांड्यांना चिकटवून कमरेतून वाकून. पाया पडण्यातच धरून घ्या. बाबांची रक्तदाबाची गोळी बदलल्यापासून चक्कर थांबली असेल अशी आशा आहे. उद्या घट बसतील. या वर्षी माती कुठून आणणार? सोसायटीतली बाग पार्किंगमध्ये गेली म्हणाला होतात.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर मी अर्धं बोलते आणि अर्धं गिळते, तेव्हा सगळं लिहूनच कळव, असं तुम्ही लिहिलंय. आणि खाली प्रश्नपत्रिका काढली आहे: निहार राहतो ते गाव कुठे आहे, घरं किती, पाणी कुठलं, पिकतं काय, माणसं कशी. नाशिकच्या पोरांना जन्मभर भूगोल शिकवलात, आता सुनेची परीक्षा. शेवटचा प्रश्न मात्र भूगोलाचा नाही, लेकाचा आहे. निहार दिवाळीला येतोय ना, असं विचारलंय. सोपे प्रश्न आधी सोडवावेत असं तुम्हीच तन्वीला सांगता. मीही तेच करते.

गावाचं नाव गोलो रेना. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, पश्चिमेकडच्या डोंगरात. बालीहून छोट्या विमानानं बेटावर उतरायचं आणि मग गाडीनं घाट चढत राहायचं. रस्ता इतका वळतो की तन्वीचा सकाळचा भात तिसऱ्या वळणावरच बाहेर आला. नकाशात बघाल तर बहुतेक सापडणार नाही. निहारने त्याच्या तिथल्या मातीवरच्या लेखासाठी काढलेल्या नकाशात आहे, तो मी सोबत जोडते.

घरं असतील चाळीसेक. पत्र्याची छपरं, पुढे अंगण, आणि अंगणातच घरातल्या गेलेल्या माणसांच्या फरशी बसवलेल्या कबरी. तुम्हाला वाचून कसंसं होईल, मलाही पहिल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बायका त्याच फरशीवर बसून मिरच्या निवडत होत्या आणि पोरं गृहपाठ करत होती. सगळे कॅथलिक आहेत, चर्चला जातात, पण गावाच्या मधोमध गवताच्या उंच टोकदार छपराचं एक मोठं घर आहे, तिथे ढोल टांगलेले असतात आणि पूर्वजांना कोंबडा दाखवल्याशिवाय गावाचं पान हलत नाही. एक धरलं म्हणून दुसरं सोडलं नाही. आपल्यासारखंच.

पाणी वरच्या झऱ्यातून पाइपनं येतं, येतं तेव्हा. वीज आहे. मोबाइलला रेंज फक्त चर्चच्या पायरीवर, त्यामुळे संध्याकाळी तिथे देवापेक्षा फोनचे भक्त जास्त. पिकतं म्हणाल तर डोंगरातला भात, मका, रताळी आणि कॉफी. कॉफी रस्त्यावरच ताडपत्री टाकून वाळवतात, गाड्या बिचाऱ्या कडेनं जातात. आम्ही एन्दे मार्था नावाच्या विधवा बाईंच्या घरी उतरलो होतो. एन्दे म्हणजे आई. निहारही इतके महिने त्यांच्याकडेच राहतो. भोपळ्याचा पाला, लाल भात आणि जीव घेणारी मिरची, हे रोज. निहार याखेरीज काय काय खातो ते विचारू नका. मी विचारलं नाही.

माणसं चांगली आहेत. फार चांगली आहेत, आई, तीच पंचाईत आहे.

तरुण पोरं मात्र गावात दिसत नाहीत. कुणी मलेशियात, कुणी बोर्निओत, आणि अलीकडे जपानमध्ये. एन्दे मार्थांचा पुतण्या इथे जपानमध्येच वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालण्याचं काम करतो. मी क्योतोहून आले म्हटल्यावर अर्धा गाव मला विचारायला आला, जपानला जायला काय करावं लागतं. ज्या गावची पोरं जपानला पळायला टपलेली, त्याच गावात आमचे शास्त्रज्ञ जपान सोडून जाऊन बसलेले. हसू येत होतं आणि हसताही येत नव्हतं.

बघा, लिहून गेले. खोडत नाही. नमनाला घडाभर तेल जाळून झालं, आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते.

निहार दिवाळीला येणार नाही. काम संपलं नाही म्हणून मी गणपतीत फोनवर सांगितलं, ते खरं नव्हतं. काम जूनमध्येच संपलं. मातीचे नमुने इथल्या प्रयोगशाळेत येऊन पडले आहेत. विद्यापीठातली जागा त्यानं सोडली. पुढच्या वर्षी करार वाढेल की नाही, ही टांगती तलवार दर वर्षी डोक्यावर होतीच, पण ती पडण्याआधी त्यानंच मान काढून घेतली. मला कळलं ते त्याच्या प्राध्यापकांकडून. त्यांना वाटलं मला माहीत असणार, म्हणून त्यांनी सहानुभूतीनं वाकून विचारलं आणि मीही वाकून 'हाय, हाय' म्हणत राहिले. इथे 'हाय' म्हणजे हो. आपल्याकडे त्याचा जो अर्थ होतो, तोही त्या वेळी चालला असता.

म्हणून ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही गेलो. सहल नव्हती ती. मी विमानतळावर जाताना तुम्ही फोनवर म्हणालात, "त्याला घेऊनच ये गं," आणि मी हो म्हटलं.

आता त्या शेताबद्दल लिहायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुम्हाला एरवी आवडलंही असतं. त्यांचं सामाईक शेत गोल असतं. मधोमध एक खांब पुरतात आणि तिथून कडेपर्यंत रेषा आखून वाटे पाडतात, आपण थालीपीठ सुरीनं कापतो तसे. वाटा मोजायचा तो बोटांनी. गावचा जमीन वाटणारा म्हातारा खांबाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि बोटांच्या रुंदीवरून ठरतं कुणाला किती. मोठं खटलं असेल त्याला अंगठा, बायकोमुलं असलेल्याला मधलं बोट, एकट्यादुकट्याला करंगळी. मध्याशी बोटभरच फरक असतो, पण रेषा कडेला जाईपर्यंत अंगठ्याचं मोठं वावर होतं आणि करंगळीची चिंचोळी पट्टी. पाची बोटं सारखी नसतात म्हणतो ना आपण, तिथे ते अक्षरशः जमिनीवर काढलेलं आहे.

वाटणारे म्हातारे म्हणजे एमा दोमी. एमा म्हणजे बाबा. दात थोडे, आवाज बारीक, पण त्यांनी हात वर केला की सगळे गप्प. या वर्षी नवं शेत वाटलं तेव्हा निहारनं कोंबडा आणि ताडी नेऊन रीतसर वाटा मागितला होता. आम्हाला तो वाटा एमा दोमी कौतुकानं दाखवायला घेऊन गेले. निहार मागून येत होता, रेंगाळत. तन्वी पुढे. फोनवर बाबाकडून ती इंडोनेशियन शब्द शिकलेली, त्यामुळे तिला तिथे भारी वाटत होतं. एमा दोमींनी एक पट्टी दाखवली. पहिल्या दहाबारा पावलांत तर माझी दोन्ही पावलं शेजारीशेजारी मावेनात. तन्वीनं विचारलं, बाबाचं एवढंसं का? म्हाताऱ्यांनी करंगळी वर केली आणि काहीतरी सांगितलं. त्यातला 'सेन्दिरी' हा एकच शब्द तिला कळला, कारण निहार तिला रोज म्हणायचा, 'माकान सेन्दिरी', म्हणजे एकटीनं जेव, आई भरवणार नाही. ती माझ्याकडे वळली आणि जपानीत म्हणाली, "ओतोसान, हितोरी दात्ते."

बाबा एकटा आहे म्हणे.

तिनं ते 'उद्या पाऊस आहे म्हणे' अशा सुरात सांगितलं. मी मागे पाहिलं. निहारनं खाली बघितलं. त्या क्षणी मला राग आला नाही, लाज वाटली. त्याची नाही, आमची. आम्ही दोघी त्या बांधावर न सांगता आलेल्या पाहुण्यांसारख्या उभ्या होतो. आणि मग एन्दे मार्था आल्या दिवसापासून माझ्याकडे इतक्या गोंधळून का बघत होत्या, तेही कळलं.

दुसरी बाई नाही, आई. तुमच्या मनात तेच येणार म्हणून आधी लिहिते. असती तर मला बरंच सोपं गेलं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. मी त्याला विचारलं, असं का सांगितलंस? तो कॉफीच्या बिया पायानं सारत राहिला. मग म्हणाला, "घरी कोण आहे असं त्यांनी विचारलं आणि कुणी नाही असं तोंडून निघून गेलं. आणि निघालं तेव्हा ते खोटं वाटलं नाही."

मी म्हटलं, मग आता चल घरी. तो म्हणाला, क्योतोला मी घरी होतो कधी? प्रयोगशाळेतून शेवटच्या बसनं यायचो, तुम्ही झोपलेल्या असायचात, सकाळी कचऱ्याची पिवळी पिशवी ठेवायला खाली गेलो की शेजारी मान हलवायचा, तेवढीच माझी ओळख. इथे मला रोज सकाळी दहा माणसं विचारतात, जेवलास का. मी म्हटलं, मी विचारत होते की. तो म्हणाला, तू मेसेज करत होतीस.

हे खरं आहे. आणि त्याला मी करत होते तेवढंही जमत नव्हतं, हेही खरं आहे. पण तो भांडला नाही. निहार भांडत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्याला लहानपणी तुम्ही गुणाचं बाळ म्हणायचात. न भांडणाऱ्या माणसाशी दहा वर्षं संसार करणं म्हणजे भिंतीशी टेनिस खेळणं आहे, सगळे चेंडू आपलेच परत येतात. आम्ही तिकडे येतो म्हटलं तर तो नाही म्हणणार नव्हता. मी आणि तन्वी तिथेच राहिलो असतो, तरी तो नाही म्हणाला नसता. 'ये' मात्र तो म्हणाला नाही.

आता जे तुम्हाला फोनवर सांगता आलं नाही ते.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी एमा दोमी एन्दे मार्थांच्या घरी आले. बरोबर निहारच्या दोन्ही बाजूंचे वाटेकरी. आम्ही त्याच्या कोण, ते तोवर त्यांना कळलं होतं आणि म्हातारे फार खजील झाले होते. त्यांच्या हिशेबी चूक निहारची नव्हती, त्यांची होती. चुकीच्या वाट्यावर पेरलेला भात धरत नाही, असं ते मानतात. बायको-मुलगी असलेल्या माणसाला करंगळी दिली म्हणजे दोन जीव उपाशी ठेवले. शेजारच्या दोघांनी आपापल्या रेषा थोड्या सरकवायचं कबूल केलं होतं. निहारला पुरं मधलं बोट देणार होते. फक्त एका गोष्टीसाठी ते आले होते. वाटा घरच्या बाईचा असतो, तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगायला हवं. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं आणि ते निहारलाच मराठीत सांगावं लागलं:

"ते विचारतायत, तू याची बायको आहेस ना? तुम्ही दोघी या शेतातलं खाणार ना?"

त्यानं नीट, एक शब्द न गाळता सांगितलं. आणि माझ्याकडे पाहिलं. आई, त्याच्या नजरेत 'हो म्हण' असतं तर मी हो म्हटलं असतं. नजरेत 'नाही म्हण' असतं तरी मी हो म्हटलं असतं, इरेला पेटून. पण तो नुसता वाट बघत होता. कायमच बघत आलाय, दुसऱ्या कुणीतरी ठरवावं म्हणून.

मी मराठीत म्हटलं, करंगळीच बरोबर आहे.

त्यानं ते पुढे सांगितलं नाही. सगळे थांबले होते. तेव्हा मला येत होते त्या दोनतीन शब्दांत मीच सांगितलं, "बेनार. दिया सेन्दिरी." बरोबर आहे. तो एकटाच आहे.

एमा दोमींनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. मग ते उठले, तन्वीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. एन्दे मार्था चुलीपाशी जाऊन रडल्या. निहार नाही रडला. मला वाटतं त्याला सुटल्यासारखं झालं, आणि त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

म्हणजे तुम्ही त्याला आणायला पाठवलंत आणि मी गावासमोर त्याला तिथे सोडून आले. उद्या नातेवाईक म्हणतील, मुलानं संसार टाकला. तुम्ही तसं म्हणू देऊ नका. अर्धं त्यानं केलं, पण शेवटचा शब्द माझा होता, आणि तो मी रागात बोलले नाही. रोज सकाळी तन्वीला सायकलवर मागे बसवताना मी स्वतःला विचारते, पुन्हा विचारलं तर काय सांगशील. अजून तेच उत्तर येतं. कधी कधी सिग्नलला रडू येतं, पण उत्तर बदलत नाही.

तन्वीला किती कळलंय ते मला कळत नाही. ती बाबाशी फोनवर बोलते, भात उगवला का विचारते. त्यानं रविवारी चर्चच्या पायरीवरून फोन करायचा, असं ठरलंय. करतो.

आमचं इथलं राहणं त्याच्या नोकरीवर होतं, ती गेली. मला ओसाकाला एका कंपनीत पूर्णवेळ काम मिळालं आहे, व्हिसा माझ्या कामावर बदलून मागितला आहे. झाला तर राहू, नाही तर पुण्याला माझ्या आईकडे. तिथून नाशिक लांब नाही, पण तुम्ही बोलावलंत तरच येईन. बाबांना हे वाचून दाखवायचं की नाही, ते त्यांची तब्येत बघून ठरवा. निहारला फोन करा. रागवा. तुम्ही रागावलात तर तो कदाचित भांडेल, आणि त्याचं तेवढं भलं होईल.

एक राहिलं. इथल्या आमच्या दारावरच्या पाटीवर तन्वीनं जपानी अक्षरांत आपलं आडनाव लिहिलेलं आहे. ते मी काढलेलं नाही. ते त्याच्या आधी तुमचं आहे, म्हणून त्याला विचारून काढावं असं मला वाटत नाही. काढ म्हणालात तर काढीन, आणि वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होते, पण वाटेल.

तुमची, तुम्ही नको म्हणेपर्यंत,
अस्मिता