अष्टमीचं पाणी

प्रिय दिगू,

आज तुझ्या श्राद्धाला दत्तूभाऊजी जेवून गेले. नुसते जेवले नाहीत, दोनदा वरण मागून घेतलं! गेल्या वर्षी याच तिथीला मी पानं मांडून दारात उभी होते आणि आपल्या नात्यातलं एक माणूस उंबरा चढलं नव्हतं. म्हणून खरकटी भांडी तशीच ठेवून तुला लिहायला बसले. तुला आधी कळायला नको का?

का आले नव्हते म्हणतोस? अरे, तुझी होडी उलटली ती सरहद्दीजवळ, आणि पाण्याने तुला नेऊन टाकलं ते पार दमणच्या किनाऱ्यावर. तेव्हा दमण पोर्तुगीजांचं. मेलेला माणूस काय सरहद्द विचारून वाहतो? तिकडच्या तिकडेच तुला अग्नी दिला. मला ना तुझं तोंड दिसलं, ना अस्थी मिळाल्या. आणि इकडे बुऱ्हाणपुरात कुजबुज सुरू झाली. सोन्याच्या तारेच्या, कलाबतूच्या कारखान्यातला माणूस दमणजवळ मरतो, म्हणजे चोरीचं सोनं आणत असणार!

त्यात पुढे कोण? आपल्या धाकट्या बहिणीचा, कमलचा नवरा. दत्तूभाऊजी पानाच्या ठेल्यावर उभे राहून सांगायचे, "अहो, मच्छी पकडायला कोणी इतक्या दूर जातं का? आपल्या तापीतली मच्छी खतम झाली का? सोनं अमावस्येच्या अंधारात उतरतं भैया, सगळ्या दुनियेला मालूम आहे."

मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. पण दिगू, घरी आले की माझ्याही मनात पाल चुकचुकायची. तू होतासच तसा! नवरा गेल्यावर मी तुझ्याकडे, भावाकडे राहायला आले, तेव्हापासून तुझं सगळं मला पाठ. पण मालाबरोबर सुरतेला गेलास, तिथून पुढे समुद्र पाहून आलास, आणि तुझं काहीतरी मला कळेनासं झालं. सदऱ्याला मासळीचा वास यायचा. खिशात शिशाचे गोळे सापडले. गळ सापडले, मोठे, बोटाएवढे. गळ दाखवून माणूस काय काय लपवू शकतो, हे मला कळत नाही का?

आणि तुझी ती तिथी! कारखाना बंद अमावस्येला. सगळं गाव त्या दिवशी मोकळं. तू मात्र अमावस्येला गावातच, आणि जाणार कधी, तर अष्टमीला, पगार कापून घेऊन! मी आपली चतुर्थी-एकादशी करणारी बाई, तिथ्या माझ्या बोटांवर. दोन-तीन अष्टम्या झाल्या नि मला कळलं, हा ठरवून जातो. ठरवून माणूस कुणाला भेटायला जातो रे? मी आधी म्हटलं, बाई असणार.

एकदा तुला चुलीपाशी धरलंच. म्हटलं, "अष्टमीच का? खरं बोल." तू हसलास. हंड्यात दोरा सोडून मला शिकवायला लागलास! शिसं तळाला टेकलं की बोटाला कळतं म्हणे. मग हातभर वर घ्यायचं. कोळंबी जिवंत हवी, गळ शेपटीशी लावायचा, डोक्याला लागला की ती मेली, आणि मेलेलीला खडकातला हेकरू मासा ढुंकून बघत नाही. "आणि आक्का, अमावस्या-पुनवेला समुद्राचं पाणी पळतं. दोरी तळाला राहतच नाही. अष्टमीला पाणी बसतं."

पाणी बसतं! माझं डोकंच सणकलं. म्हटलं, जन्म तापीकाठी काढला, राजघाटावर कपडे धुऊन हात झिजले. आपली तापी कधी पंचांग बघून वाहिली का? पूर येतो तो पावसाने, तिथीने नाही. थाप मारायची तर जरा बरी तरी मार! तू दोरा गुंडाळून ठेवलास. त्यानंतर मी तुझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही.

आता खरं खोटं सांगणारा एकच जण होता, तुझ्या होडीचा पांडू नाखवा. तो वाचला, पण सरहद्दीपलीकडच्या शिपायांनी त्याला धरून ठेवलं. दमण आपल्यात आलं तेव्हा सुटला. ते कळलं आणि मी निघालेच. केळी, शेंगदाणे, तांब्या, जपमाळ, एवढं घेतलं. भुसावळला गाडी बदलली, सुरत, मग पुढे. आणि गेले ती मुद्दाम अमावस्येला! म्हटलं, बघू तर खरं, त्या दिवशी हा नाखवा काय करतो.

काय करत होता? जाळं शिवत बसला होता! माझं नाव ऐकलं आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. मी मात्र रडले नाही. म्हटलं, रडणं नंतर, आधी मला पाणी दाखव.

त्याने होडीत बसवलं. मी आयुष्यात होडीत बसले नव्हते. माळ घट्ट धरून बसले. खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला आणि त्याच्या घरी राहिलेली तुझीच एक दोरी माझ्या हातात दिली. खाली सोडली, तर शिसं तळाला टेकेचना! दोरी तिरकी होऊन ओढत निघाली, बोटाला काचली. नाखवा म्हणाला, "बाय, आता आठव्या दिसाला बघा." म्हणजे आठ दिवस कोळ्याच्या घरी राहायचं, मी माळकरी! राहिले. केळ्यांवर राहिले.

अष्टमीला पुन्हा तीच जागा, तीच दोरी. शिसं सरळ खाली गेलं. गेलं, गेलं, आणि बोटाला टक् झालं. दिगू, तू म्हणाला होतास तस्संच! पाणी बसलं होतं रे. मग मी रडले. नाखव्याने तोंड फिरवलं. त्यानेच सांगितलं, त्या अष्टमीला भर दुपारी परत येताना वारा उठला, वाळूच्या बांधाशी होडी कलली. होडीत दोन हेकरू होते आणि कोळंबीची बादली. दुसरं काही नाही.

आता आजचं ऐक. या वेळी मी स्वतः कमलच्या घरी गेले. म्हटलं, भाऊजी, चोराच्या श्राद्धाला नका येऊ, पण माझ्या हातचं खायला या. आले. चार माणसांत पहिला घास घेतला, तेव्हा विचारलं, "भाऊजी, आज तिथी कोणती?"

"माघ शुद्ध अष्टमी. का बरं, ताई?"

"म्हणजे दिगू गेला तो अष्टमीला. आणि तुमचं सोनं कधी उतरतं?"

"अमावस्येला," म्हणाले. बोलून गेले बिचारे!

"मग दर अमावस्येला सकाळपासून रात्रीपर्यंत दिगू कुणाच्या ओट्यावर पत्ते कुटत होता?"

कमलच्या हातातली पळी तशीच राहिली. भाऊजींनी घास खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "माझ्याच." आणि थोड्या वेळाने, "वरण वाढा, ताई." मी वाढलं. डोळे पुसत जेवले. उद्या पानाच्या ठेल्यावर काय बोलतात, तेही मी कान देऊन ऐकणार आहे. सोडते की काय!

पण दिगू, तू सुटलास असं समजू नकोस. एक गोष्ट मी पकडली आहे! "मी फक्त धरतो, खात नाही, सगळे वाटून टाकतो," माझ्या तुळशीसमोर उभं राहून म्हणाला होतास ना? नाखव्याची बायको जमना, भोळी बाई, मला कौतुकाने सांगत होती, दिगूभाऊ हेकरूचं कालवण तीनदा मागून घ्यायचे, काटे चोखायचे, म्हणायचे, आक्काला सांगू नका. लबाडा! माझ्या हातची मेथी गपचूप खाणारा तू, आणि तिकडे तीनदा? मला एवढी भ्यायचास का रे?

मी जमनाला कालवण कसं करायचं ते विचारून घेतलंय. पुढल्या माघात, याच अष्टमीला, तुझ्या पानात ते वाढीन. अंगणात वेगळी चूल मांडीन, वास आला तर पदर नाकाला लावीन, पण करीन मीच. आता चोरून खाऊ नकोस. घरी येऊन, माझ्यासमोर बसून खा.

तुझ्यावर अजून नजर ठेवून असलेली,
आक्का