बरणीच्या तळाशी दोन बोटं पाणी

कॅप्टनसाहेब,

टेबलावरची बरणी हलवण्याआधी नीट बघ. आज सकाळी बोटीच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल करून त्यातलं मीच काढलं. वर डिझेल आहे आणि तळाशी दोन बोटं पाणी. अर्ध्या टाकीवर बोट सहा महिने उभी ठेवलीस, मग टाकीला आतून घाम सुटणारच. तू मात्र तीन दिवस चावी पिळत बॅटरीला शिव्या घालतोयस. नवी आणलीस, तीही बसली. नाचता येईना, अंगण वाकडं!

इंजिनाचं पुस्तक पाळण्याजवळ आहे, पान दुमडलंय. बाळाला झोके देता देता मला कळलं ते तुला आणि तुझ्या मदतीला आलेल्या भावोजींना मिळून कळू नये? टाकी उपस, फिल्टर बदल, नळीतली हवा काढ.

उद्या म्हणे बाळाची पहिली सफर! इंजिन चुकून चालू होऊन खडकांपाशी बंद पडलं असतं तर?

आम्ही दोघी आईकडे आहोत. बोट धक्क्याला बांधूनच इंजिन दोन तास चालव आणि मग फोन कर. “झालं चालू” हे तुझ्या तोंडून नको. फोन इंजिनाजवळ धर, मी ऐकेन. तोवर बाळाचं लाइफ जॅकेट माझ्या पिशवीत राहील.