नाव सांगा, मंग हात वर करतो

माय, रिसोडच्या मंगल कार्यालयातून तिथली पंगत सोडून आलो. अंगात राग आहे, म्हणून आधी तुलाच लिहितो. आपल्या पक्षाला राज्याचा नवा अध्यक्ष निवडायचा होता. मुंबईहून निरीक्षक आले, आम्हा जिल्ह्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि एका ओळीचा ठराव वाचला: अध्यक्ष निवडण्याचे सर्व अधिकार वरिष्ठांना देण्यात येत आहेत. करा हात वर. लग्नाला बोलवायचं, अक्षता हातात द्यायच्या आणि नवरदेव तेवढा दाखवायचा नाही, असला प्रकार.

तिथं बसल्या बसल्या मला आपली चूल दिसली. ओसरीत पुढाऱ्यांची बैठक भरली आहे, तू धुरात भाकरी थापतेस. जीप दारात आली की आम्ही पोरांनी अंगणात उभं राहून झिंदाबाद म्हणायचं. त्याशिवाय आमच्या ताटात भाकर पडत नाही, ही तुझी शिस्त. त्या दिवशी तालुक्याचा अध्यक्ष ठरला तेव्हा तू पदर सावरत दाराशी गेलीस. "कोन झालं जी?" ओसरीत हशा पिकला. "माय, तुमी भाकरी थापा. कोनी का होईना, खाईन तं तुमच्याच हातचं." तूही हसलीस, आणि चुलीपाशी येऊन माझ्याजवळ पुटपुटलीस, "बाजारात गिऱ्हाईक वांगं बी उलटून पाह्यते. अन् हे म्हन्तात, मानूस तसाच घ्या!" हे त्यांच्या तोंडावर काहून नाही म्हटलंस? पुढच्या बैठकीला पुन्हा पीठ मळायला बसलीस. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

म्हणून आज मी उभा राहिलो. "नाव सांगा, मंग हात वर करतो." शेजारच्या जुन्या सोबत्यानं सदरा ओढला. "बस ना बे! कायले सोभा करून राह्यला? जेवन थंडं होते." निरीक्षक गोड हसले. "काका, तुम्ही भाजी विकता ना? वरचं राजकारण जरा वेगळं असतं." मी म्हटलं, "साहेब, माह्या दुकानावर गिऱ्हाईक वांगं बी उलटून पाह्यते. तुमी तं झाकली टोपलीच विकून राह्यले." मागचे काही जण फिसकन हसले, हात मात्र त्यांचेही वरच. टोपलीत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं: दर निवडणुकीला गमछा बदलणारा, कोण्या साहेबांचा जावई. माझा हात मांडीवरच राहिला. निरीक्षकांनी माझ्याकडं बघतच वाचलं, "ठराव एकमतानं मंजूर."

हे पत्र कुठं टाकू? तुला तर वाचताही येत नव्हतं. म्हणूनच एक गोष्ट लिहून ठेवतो, ती दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. ठराव झाला तशी पुढच्या रांगेतून घोषणा उठली. हात मी दाबून धरला होता, तोंड धरायचं राहून गेलं. सगळ्यांच्या आधी माझंच झिंदाबाद निघालं, चांगलं खणखणीत. आणि म्हणताक्षणी, माय, मला भूक लागली.