रुसणी

४ मार्च
मॅडमनी आज पुन्हा सुनावलं. "भिंतीवर तुझी कार्डं एवढीच? भाषा पेटीत ठेवून बोलणार कुणाशी?" घरांचे नकाशे करणाऱ्या आमच्या ऑफिसचा नियम असा – घरात काय असलं की माणसाला बरं वाटतं, ते ज्याने त्याने स्वतःच्या अनुभवातून शोधायचं, नाव द्यायचं, कार्डावर काढून भिंतीवर लावायचं. मग ते सगळ्यांचं; या कार्डांनाच मॅडम 'भाषा' म्हणतात. 'चपलांपाशी उजेड' मी लावलं. 'दोघींचा ओटा' लावलं. 'रुसणी' लावलेलं नाही. लावणारही नाही.

रुसणी म्हणजे जिन्याच्या वळणावरची एकाच माणसापुरती बैठक. बसलेलं माणूस दिसू नये. स्वयंपाकघरातलं बोलणं मात्र ऐकू यावं. आणि हाक आली की मान खाली न घालता उठून जाता यावं. शब्द आमच्या घरचा. शब्दकोशात मिळणार नाही.

९ मार्च
माझ्या शेजारी बसणाऱ्या चष्मिसच्या टेबलावर नव्या बंगल्याचा नकाशा. मालकाचं नाव नाही. हा सगळ्याच क्लायंटना 'काका-काकू' म्हणतो. जिन्याच्या वळणावर बैठक, आणि त्याच्या अक्षरात – रुसणी.
कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला; रुसणीचं कार्ड त्यातच आहे.

१० मार्च
सहज म्हणून विचारलं. "अगं, काकांचा शब्द आहे. गोड आहे ना?" हे पेन्सिलीला टोक करत, वर न बघता. चोराच्या मनात चांदणं. परवा मी जेवायला गेले तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता. परत आले तर खुर्चीही जरा खाली वाटली होती.

१२ मार्च
ताईला फोनवर सांगितलं. "तुला जो तो चोरच दिसतो. बाबांचंही तेच केलंस." आई गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. त्याचा इथे काय संबंध?
मॅडमना लेखी तक्रार देणार. चष्मिसची नोकरी जाईल. जाऊ दे.

१४ मार्च
तक्रार तयार. मॅडम म्हणाल्या, "त्या बंगल्याचे काका येतायत. ते गेले की बोलू." बरंच झालं. शब्द कुणाचा ते त्यांच्याच तोंडून कळेल. मीटिंगच्या खोलीलगत, पार्टिशनच्या अलीकडे खुर्ची ओढून बसले आहे.

१४ मार्च, दुपारी
आतून चष्मिस – "काका, ही रुसणी काढली तर कपाट मोठं होईल. राहणार तुम्ही दोघंच ना?"
"असू दे ती. धाकटी येईल कधीतरी. आली तर रुसायला जागा नको?"
इतक्या वर्षांनी तो आवाज.
दिसत कुणी नव्हतं. ऐकू सगळं येत होतं. तक्रारीच्या कागदाची घडी घातली, आणखी एक घातली. तेवढ्यात चष्मिसची हाक – "अगं, जिन्याची मापं घेऊन ये जरा!"
उठले.