माझ्या नावाने बोलणारी

१२ फेब्रुवारी
ठोक कापडवाल्याचा फोन. "ताई, नव्या पत्त्यावर मखमल पोचली ना?" मी एवढ्याशा दुकानात पडदे शिवणारी बाई, मला कुठला नवा पत्ता! म्हणे, काल मीच सांगितला. "आवाज तुमचाच होता की. चांगल्या हसून बोललात." त्याच्याशी मी हसून कधी बोलले, देव जाणे.

१३ फेब्रुवारी
मोबाइल सकाळपासून मुका. नंबर दुसऱ्या सिमकार्डावर गेलाय — माझ्याच विनंतीवरून!

१५ फेब्रुवारी
बँकेतल्या बाई भल्या. खातं गोठवलं, पासवर्ड बदलून घेतले, पोलिसांत तक्रार करायला लावली. मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या नावाने फोन करणारीने सगळ्या गुप्त प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली हो." पहिली शाळा. लाडाचं नाव — खारूताई. तिसरा प्रश्न मीच घातलेला, लहानपणी कशाची भीती वाटायची. शिवणयंत्राच्या आवाजाची.
बँक सोडली तर हे एकाच माणसाला माहीत आहे. आईला.

१६ फेब्रुवारी
आईशी तीन वर्षं अबोला आहे. बाबांचं घर मी विकायला लावलं, तेव्हापासून. राग दोघींच्याही नाकावर. तिने फोन केला नाही, मीही नाही.
आज तिच्या शेजारच्या काकूंना दुकानाच्या फोनवरून विचारलं, आई कशी आहे. "असं काय विचारतेस? रोज दुपारी तासभर बोलतेस की तिच्याशी. नवा नंबर घेतल्यापासून एक दिवस चुकवला नाहीस. जुन्या गोष्टी काढून दोघी हसत असता. बाई कशी टवटवीत झालीय!"
म्हणजे सगळं तिथून गेलं. गप्पांतून, मायेने.
चोरीचा राग यायला हवा होता. आला तो हेवा. रोज दुपारी, तासभर!
काकूंना सगळं समजावलं. म्हटलं, ती मी नव्हे. आईला सांगा, माझ्या नावाने फोन आला की आधी खात्री करून घे. दोघींनाच ठाऊक असेल असं काहीतरी विचार. तिच्या गावी पोचायला दीड दिवस लागतो, तोवर एवढं तरी होऊ दे.

१७ फेब्रुवारी
निघण्याआधी दुकानातून आईला फोन लावला. "आई, खारू बोलतेय."
ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "परवा दुपारी फोनवर मी रडले, ते कशासाठी? माझ्या खारूला ठाऊक आहे."
मला सांगता आलं नाही. तिने फोन ठेवला.